तो वास अंड्याचा नव्हता, माई

प्रिय माई,

'प्रिय' लिहिलं म्हणून भुवया उंचावू नका. तुम्ही असताना माहेराहून तुम्हाला एकदाच पत्र पाठवलं होतं. त्यात 'तीर्थस्वरूप'पासून 'शिरसाष्टांग'पर्यंत सगळं यथासांग होतं आणि मजकूर काय, तर पोचले, खुशाल आहे. आज उलटं करते. मान थोडा कमी, मजकूर जास्त.

आज शाळेत एका मुलीनं तुमचा प्रश्न मला विचारला, जवळजवळ तुमच्याच शब्दांत, आणि मी तिला खाली बसवलं. तेव्हापासून जिवाला चैन नाही. जेवणं झाली, हे म्हणजे तुमचा वसंता पडवीत पेपर वाचताहेत आणि मी तुमच्या पाटावर बसून तुम्हाला लिहितेय. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

सगळं नीट सांगते. तुमची सून मास्तरीण झाली, माई. तुम्ही साऱ्या डोंबिवलीला आधीच सांगून ठेवलं होतंत, आता ते खरं झालं. कल्याणला मुलींची शाळा आहे, कौलारू, बैठी, मागे चिंचेचं झाड. तिथं जूनपासून मी नववी-दहावीला रसायन शिकवते. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि एक लांब टेबल, पण कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.

आज धडा होता हायड्रोजन सल्फाइड नावाच्या वायूचा. पुस्तकात लिहिलंय की या वायूला सडक्या अंड्यासारखा वास येतो. मी ते वाक्य वाचलं. दुसऱ्या बाकावर प्रभा बसते, भटजींची नात, दोन घट्ट वेण्या आणि सदा शंका. ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, सडक्या अंड्याचा वास तुम्हाला कसा ठाऊक?"

वर्ग खदखदून हसला. मागच्या बाकावरची खाडीकाठच्या गावातली मुलगी म्हणाली, आमच्याकडे कोंबड्या आहेत, उद्या एक सडकं घेऊन येते. आणखी हशा. मी काय करावं? प्रभाला म्हटलं, खाली बस, पुस्तकात आहे तेवढं उतरवून घे. पोरगी बसली, पण तिचा चेहरा उतरला. तो चेहरा मी आधी कुठं पाहिला होता हे मला लगेच आठवलं.

आठवतं ना तुम्हाला? ज्युनिअर बी.एस्सी.चं वर्ष होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी माझी प्रॅक्टिकलं असायची. दिलेल्या पुडीत कोणते क्षार आहेत ते ओळखून काढायचं, आणि त्यासाठी हा वायू लागायचा. खोलीच्या कोपऱ्यात एकावर एक तीन पोकळ गोळे असलेलं काचेचं भांडं असे, त्यातून तो सारखा निघत असे. लुगड्यात, केसांत, नखांत वास शिरे. गाडीत शेजारची बाई पदर नाकाला लावी. घरी येऊन मी मागच्या दारानं शिरे, अंगावरचं सगळं बाहेर टाके आणि विहिरीवर अंघोळ करूनच आत येई. तुम्ही त्या दिवशी घंगाळात कढत पाणी तयार ठेवायचात. एवढं करूनही वास जायचा नाही.

एके दिवशी तुम्ही विचारलंत, कसला गं हा वास? आणि मी शहाणी! दुसऱ्या दिवशीची जर्नल डोक्यात घोळत होती. पुस्तकातलं वाक्य मी तुमच्या तोंडावर फेकलं, "सडक्या अंड्यासारखा असतो तो वास, माई."

तुम्ही निवडायला घेतलेलं तांदळाचं सूप खाली ठेवलंत. "सडक्या अंड्याचा वास तुला कसा गं ठाऊक?" असं हळूच विचारलंत. मी हसले. आणि कपडे वाळत घालायला निघून गेले!

तेव्हा मला मजा वाटली होती. कारण खरंच, मला तरी कुठं ठाऊक होतं? मी जन्मात अंडं फुटलेलं पाहिलं नव्हतं. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलामुलींची हीच गत. सगळे जर्नलमध्ये लिहायचे, सडक्या अंड्यासारखा वास, आणि सर खूण करायचे. कुणालाही विचारलं असतं तर त्यानं माझ्यासारखंच हसून पळ काढला असता. मी ही गंमत दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना सांगितली. तुम्हाला मात्र नाही सांगितली. दोन वाक्यांचं काम होतं, माई! लोखंडाचा नि गंधकाचा एक दगड असतो, त्यावर तेजाब ओतलं की हा वास सुटतो, अंड्याचा त्यात संबंध नाही. एवढंच. शिक्षिका व्हायला निघालेल्या बाईला दोन वाक्यं जड झाली.

मग जोडव्यांचं सुरू झालं. प्रॅक्टिकलच्या दिवशी पायांतली जोडवी काळी पडायची. पहिल्यांदा तुम्ही ते पाहिलंत तेव्हा घाबरलात. सवाष्णीच्या पायातली चांदी काळवंडली, म्हणजे वसंताच्या जिवाला तर काही नाही ना? त्या रात्री तुम्ही देवापाशी तेल जास्त घातलंत. पुढे पुढे माझी अंघोळ होईपर्यंत जोडवी मागून घ्यायचात आणि रांगोळीनं घासून लख्ख करून ठेवायचात. विधवा बाई सुनेची जोडवी घासतेय, हे शेजारच्या भागीरथीकाकूंना कुंपणावरून दिसायचं. मी म्हणायची, राहू द्या हो माई, परत काळी होणारच आहेत. का होणार आहेत ते सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. त्याच वायूनं चांदीवर काळा थर धरतो. परीक्षेत मी हे समीकरणासकट लिहिलं.

तुमचे उपासही तेव्हाच सुरू झाले. मंगळवार आणि शुक्रवार. मी विचारलं तेव्हा म्हणालात, देवीचे. एकभुक्त तर तुम्ही होताच, आता ते एक वेळचंही दोन दिवस बंद. मला वाटलं, असतील. खरं सांगू? मला बरंच वाटलं. त्या दिवशी मी उशिरा यायची, ओवळ्यातली, दमलेली. तुमच्या सोवळ्याचा व्याप त्या दिवसापुरता टळायचा.

मग सीनिअरचं वर्ष लागलं. वेळापत्रक बदललं, प्रॅक्टिकलं सोमवारी आणि गुरुवारी आली. तुमचे उपासही सोमवार-गुरुवारवर गेले. मी विचारलं, देवीचे सोडले का? तुम्ही म्हणालात, सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, देव का एकच आहे? दिवाळीच्या सुटीत कॉलेज बंद, तर तुम्ही गुरुवारी मजेत वरणभात जेवलात, आणि मला ते दिसलं.

दिसलं होतं, माई. आम्हाला कॉलेजात दुसरं काय शिकवत होते? काय घातलं, काय दिसलं, त्यावरून काय ठरतं. रंग बदलला तर का बदलला, तळाशी बसलेला साका पिवळा आला की काळा, तेवढ्यावरून पुडीत काय आहे ते मी सांगायची. सर माझी जर्नल वर्गात दाखवायचे. आणि घरात उपास माझ्या वेळापत्रकाबरोबर सरकत होते, सुटीत थांबत होते, ते पाहून मी काय अनुमान काढलं? की म्हातारपणी माणसं लहरी होतात!

आता त्या संमेलनाचं लिहायलाच हवं. ते टाळून हे पत्र पुरं होणार नाही.

सीनिअरच्या वर्षी कॉलेजच्या संमेलनात आमच्या सरांनी रसायनाच्या खोलीत प्रयोग मांडायचं ठरवलं. घरच्या मंडळींना घेऊन या म्हणाले. मला टेबल मिळालं ते नेमकं त्या वायूचं. निरनिराळ्या पाण्यांत वायू सोडायचा आणि पिवळा, नारिंगी, काळा साका पडतो तो लोकांना दाखवायचा. मी घरी येऊन ह्यांना सांगत होते. तुम्ही आतून ऐकलंत आणि बाहेर येऊन म्हणालात, मलाही ने ना गं, काय करतेस ते बघते एकदा.

मुंबईला जायची हौस तुम्हाला कधीच नव्हती. तरी आदल्या दिवशी तुम्ही आलवण धुऊन दोरीवर घातलंत. वाळल्यावर हातानं सारखं करून, घडी घालून उशाखाली ठेवलंत. मी ते बघत होते. आणि माझ्या डोळ्यांसमोर काय येत होतं, तर कॉलेजचा तो फरशांचा चौक, रेशमी पातळं नेसलेल्या माझ्या मैत्रिणींच्या आया, आणि त्यांच्यात माझ्याबरोबर लाल आलवणातली, केस काढलेली माझी सासू.

सकाळी मी तुम्हाला म्हटलं, "माई, तिथं जिने फार आहेत हो. तुमचे गुडघे दुखतील."

तुम्ही माझ्याकडे क्षणभर बघितलंत. मग म्हणालात, बरं, राहू दे मग, जिने काय पळून जातात थोडेच. आणि माझ्या डब्यात दशम्या बांधून दिल्यात. रसायनाची खोली तळमजल्यावर होती, माई. एकही पायरी चढावी लागली नसती.

त्या दिवशी मी काय सुरेख बोलले! अनोळखी लोकांना, एका मैत्रिणीच्या मामीला, कुणाच्या तरी लहान भावंडांना, सगळ्यांना समजेल असं सांगितलं. त्या मामींनी नाक दाबून विचारलं, अंडी ठेवलीत की काय कुठं? आणि मी लगेच तो दगड दाखवला, तेजाब ओतून दाखवलं, त्यांच्या हातातली चांदीची अंगठी घेऊन काळी करून दाखवली. सर म्हणाले, तुम्ही शिक्षिकाच व्हा. मी उड्या मारत घरी आले. तुम्ही कढत पाणी काढून ठेवलं होतंत. त्या दिवशी प्रॅक्टिकल नव्हतं, पण माझ्या अंगाला वास येत होता, म्हणून तुम्ही दुसऱ्या दिवशी उपास केलात. तोही मला दिसला.

निकाल लागला तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत. प्रॅक्टिकलं संपली, वास संपला, उपास संपले. तुम्ही पुन्हा रोज एक वेळ जेवायला लागलात आणि म्हणालात, आता पुढचं शिक्षण बिनवासाचं ना? बी.टी.चं विचारत होता तुम्ही. मी म्हटलं, हो, आता नुसतं शिकवायचं कसं ते शिकायचं. तुम्ही इतकं हुश्श केलंत की मला हसू आलं. मग श्रावणात तुम्हाला ताप भरला, आणि अंगात काही उरलंच नव्हतं तुमच्या. डॉक्टर म्हणाले, विषमज्वर आहे, पण शरीर फार थकलेलं. हे मला आजही समजावतात, आई तापानं गेली, तू उगाच डोक्यात घेऊ नकोस. ते बरोबरच असतील. तरी 'फार थकलेलं' हे शब्द माझ्या कानांतून जात नाहीत.

तेराव्याला तुमची धाकटी बहीण, टिटवाळ्याच्या मावशी, मला मागच्या दारी घेऊन गेल्या. मी रडत होते तर म्हणाल्या, पुरे आता, तिनं तुझ्यासाठी फार केलं, त्याचं चीज कर. मी विचारलं, काय केलं? तेव्हा त्यांनी सांगितलं.

तुम्ही भागीरथीकाकूंना जोडव्यांचं विचारलं होतंत. त्यांचे यजमान पूर्वी एका गोऱ्या साहेबाच्या हाताखाली होते. काकू म्हणाल्या, साहेबाच्या घरी अंड्यानंच चांदीचे चमचे काळे पडतात, चांदीला अंडं लागतं. झालं! वास अंड्याचा, असं सून स्वतःच्या तोंडानं म्हणाली, आणि चांदीही काळी. तुम्ही दोन पुरावे जुळवलेत आणि ठरवलंत की कॉलेजात मंगळवार-शुक्रवार अंडी खायला घालतात.

माई, पद्धत बरोबर होती हो तुमची! साहेबाचे चमचे आणि माझी जोडवी एकाच कारणानं काळी पडत होती. अंड्यातही गंधक असतं. माझ्याहून नीट विचार तुम्ही केला होतात, फक्त एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नव्हती, आणि ती सांगणारी तुमच्याच घरात जेवत होती.

मावशी तुम्हाला म्हणाल्या, कॉलेज बंद कर तिचं, वसंताला सांग. त्यावर तुम्ही काय म्हणालात ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. "शिकायला ते खावं लागत असेल तर खाऊ दे पोरीला. शिक्षण मोडायचं नाही. त्याचं जे काय पाप असेल ते मी फेडते."

म्हणून ते उपास. प्रॅक्टिकल माझं, उपास तुमचा.

मला तुमचा रागही येतो, माई, सांगून टाकते. एकदा तरी ओरडायचं होतंत! ताट माझ्यापुढे आपटायचं होतं, म्हणायचं होतं, खरं सांग, खातेस का? मी फणकाऱ्यानं का होईना, खरं सांगितलं असतं. पाच मिनिटांत मिटलं असतं. तुम्ही मात्र माझी लाज राखलीत. वसंताला कळू दिलं नाहीत, भागीरथीकाकूंचं तोंड कसं बंद केलंत देव जाणे. आणि जाताना मनात काय घेऊन गेलात? की सुनेनं दोन वर्षं अंडी खाल्ली. तसं समजूनही माझ्यासाठी पाणी तापवत होता! मी घरी आले की माझ्या तोंडाकडे बघायचात, दमलीस का विचारायचात. मला वाटायचं, सासू चांगली मिळाली. कशावर पांघरूण घालून ती चांगली वागतेय ते मला ठाऊक नव्हतं.

आणि आज त्या प्रभाला मी खाली बसवलं. एवढं सगळं होऊनसुद्धा! बी.टी.ला वर्षभर आम्ही पाठ घेतले, मुलाच्या शंकेला उत्तर कसं द्यावं यावर मला शाबासकी मिळाली, आणि खऱ्या वर्गात पहिल्यांदा तो प्रश्न आला तर मी पुन्हा पळाले. ती घरी जाऊन आजीला काय सांगेल? आमच्या बाईंना सडक्या अंड्याचा वास ठाऊक आहे. मग ती आजी काय समजेल?

मधल्या सुटीत डबा उघडवला नाही. शेवटी उठले आणि मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे गेले. म्हटलं, शनिवारी दुपारी मला नववीचा वर्ग द्या, खिडक्या उघड्या टाकून मी हा वायू करून दाखवते. आणि मुलींच्या घरच्या बायकांना बोलावते, आया, आज्या, ज्यांना यायचं त्यांना. मोठ्या बाई म्हणाल्या, आज्यांना रसायन कशाला? मी म्हटलं, घरी मुलीच्या कपड्यांना वास येईल तेव्हा पहिला त्यांनाच येईल. त्यांना ते पटलं असावं. निदान हो म्हणाल्या.

शाळा सुटताना प्रभाला थांबवलं. तिला वाटलं, ओरडणार. मी म्हटलं, सकाळी तू बरोबर विचारलंस, चूक माझी झाली. मला तो वास ठाऊक नाही. मी अंडं कधी हातातही धरलेलं नाही. ज्यांनी पुस्तक लिहिलं त्यांच्या घरी अंडी असतील, म्हणून त्यांना तसं सुचलं. मला हा वास फक्त प्रयोगशाळेतला ठाऊक आहे, तो शनिवारी तुला दाखवते, नाव तुझं तू ठेव. पोरगी एवढी खूश झाली की वेणी चावायला लागली.

मग मी म्हटलं, शनिवारी आजीला घेऊन ये. तशी ती घुटमळली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली आणि म्हणाली, "बाई, आजी केस काढलेली आहे. आलवण नेसते. शाळेत चालेल का?"



"घेऊन ये," मी म्हटलं. "आपल्या शाळेला जिने नाहीत."

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. तिनं जिन्यांचं कुठं विचारलं होतं?

शनिवारी त्या आजींना मी पुढं बसवीन. दगड त्यांच्या हातात देईन, तेजाब त्यांच्यासमोर ओतीन, आणि वास आला की आधी त्यांनाच सांगीन, हा अंड्याचा नाही. माझी जोडवी काढून टेबलावर ठेवीन आणि सगळ्यांदेखत काळी करीन. घरी आल्यावर रांगोळीनं मीच घासीन. आणि तुम्हाला शब्द देते, माझ्या वर्गातल्या एकाही मुलीपायी तिच्या घरी कुणी उपाशी राहणार नाही. तेवढं शिकवल्याशिवाय मी पुढचा धडा घेणार नाही.

अजूनही अंडं न खाल्लेली,
तुमची सून,
मालती